खलनायकाचा उसना आवाज

आधीच सांगते, मी भांडकुदळ नाही. देवदत्तला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, विचारू नका. तो काहीही सांगेल. मी सांता क्लारात एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते, आणि संध्याकाळी घरी आल्यावर ती सवय काही सुटत नाही, इतकंच. शिवाय आमच्या मंडळाच्या गणपतीतल्या नाटकाची मी कायमची प्रॉम्प्टर. विंगेत उभं राहायचं आणि विसरभोळ्या नटांना वाक्यं पुरवायची. मागे एकदा आमचा हिरो संजीव ऐन प्रेमाच्या प्रसंगात अडकला. मी वाक्य दिलं, त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा दिलं, तरी ढिम्म. मग मी जरा जोरात म्हटलं, "अरे बोल ना मेल्या, झोपलास का?" तर त्याने तेच हिरॉइनला म्हणून टाकलं. नाटक गाजलं ते त्या वाक्यामुळे, पण माझं नाव कुणी घेतलं का? नाही.

असो. सांगायचंय ते आमच्या शेजारच्या तेओकाकांबद्दल.

तेओदोरो माग्बानुआ. फिलिपीन्सच्या सिनेमातले एकेकाळचे मोठे खलनायक. आपल्याला नाव माहीत असायचं कारण नाही, मलाही नव्हतं. पण तिकडच्या साठीच्या पुढच्या कुठल्याही बाईला विचारा, ती आधी दचकेल आणि मग सेल्फी मागेल. चेहराच तसा. भुवईवर आडवी खूण, दगडी जबडा, आणि नजर अशी की आमच्या गल्लीतले कुत्रे त्यांना बघून न सांगता खाली बसतात. आणि या सगळ्यातून आवाज काय निघतो? पाचवीतल्या मुलाचा. पातळ, चिरका, मधूनच वर जाणारा. पहिल्यांदा ते कुंपणापलीकडून "गुड मॉर्निंग" म्हणाले तेव्हा मी त्यांच्यामागे कोण पोरगं उभं आहे ते बघत होते.

आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत चालतं, पण मी ते माझ्या पद्धतीने सांगते.

त्यांची कथाच अजब आहे. साखर कारखान्याच्या गावात जन्म. मनीलात आले ते ट्रक ड्रायव्हर म्हणून, शूटिंगचं सामान वाहायला. एकदा पिक्चरचा खलनायक दारू पिऊन सेटवर आडवा झाला. डायरेक्टरने इकडेतिकडे पाहिलं, ट्रकच्या खिडकीत हा चेहरा दिसला, आणि म्हणाला, "तू उतर." काका उतरले. त्या पिक्चरमध्ये त्यांनी हिरोच्या आईचा खून केला, आणि करण्याआधी चांगलं लांबलचक धमकीचं भाषण दिलं, स्वतःच्या आवाजात. पहिल्या खेळाला थिएटर भरलेलं. काकांनी पडद्यावर तोंड उघडलं आणि सगळं थिएटर फुटलं. लोक हसून हसून खुर्चीवरून घसरले. शेवटच्या रांगेत काकांची आई बसली होती, तिने पदरात, म्हणजे त्यांच्याकडे पदर नसतो, रुमालात तोंड लपवलं.

प्रोड्यूसर हुशार. त्याने रेडिओवरचा एक ढोलासारख्या आवाजाचा माणूस गाठला आणि काकांचे सगळे संवाद त्याच्याकडून पुन्हा म्हणून घेतले. दुसऱ्या आठवड्यापासून बायका किंचाळायला लागल्या. मग पुढची सगळी वर्षं चेहरा यांचा, आवाज त्याचा. तिकडे त्या काळी शूटिंगच्या वेळी आवाज घेतच नसत. कॅमेऱ्याच्या बाजूला एकजण ओरडून वाक्यं सांगायचा, नट ती लगेच म्हणायचे, खरा आवाज नंतर स्टुडिओत चढवायचा; त्या पहिल्या वेळी तो काकांनीच चढवला होता.

"म्हणजे पाठांतर नाही, आवाज नाही," मी विचारलं, "मग काका, तुम्ही करायचात काय?"

"मी मरायचो," ते म्हणाले.

गोळी लागून, कड्यावरून पडून, मगरीच्या तोंडी जाऊन, प्रत्येक पिक्चरमध्ये मरायचे. पुढे डायरेक्टरही झाले. बजेट एवढंसं, आठवड्याभरात अख्खा पिक्चर उरकायचा. एकदा हौस म्हणून स्वतःलाच हिरो घेतलं. लोक शेवटपर्यंत वाट बघत बसले की हा मरतो कधी. मेला नाही म्हणून चिडून घरी गेले. मग तो रेडिओवाला माणूस वारला आणि काकांचं काम थांबलं. चेहरा होता तसाच होता, पण त्याला दुसऱ्या कुणाचा आवाज शोभेना. शेवटी मुलीने, मारिसेलने, इकडे बोलावून घेतलं. ती इथल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे, त्यांना ताताय म्हणते, म्हणजे बाबा.

इथे येऊनही त्यांचं एक नाटक चालायचंच. फिलिपिनो दुकानात, चर्चमध्ये, लग्नाकार्यात काका गळ्याला मफलर गुंडाळून जायचे. भर उन्हाळ्यात! कुणी बोलायला आलं की गळ्याकडे बोट दाखवायचं आणि ती जुनी नजर द्यायची. सगळ्यांना वाटायचं, बिचाऱ्यांचा घसा गेलाय. आमच्याशी मात्र तासन्‌तास गप्पा. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "तुम्ही लोकांनी माझा एकही पिक्चर पाहिलेला नाही. तुमच्यासमोर मला कसली भीती?"

आता आमची कादंबरी. माझी एकुलती एक लेक, इथेच जन्मलेली. चांगली कॉम्प्युटर सायन्सला होती, ते सोडून फिल्म स्कूलला गेली. मी निषेध म्हणून आठवडाभर घरी जेवले नाही. ऑफिसात जेवत होते, पण तिला ते माहीत नव्हतं. तर या कार्टीने गेल्या वर्षी एक छोटी फिल्म लिहिली. एक म्हातारा माणूस. त्याच्या अंगणात कॅलमन्सीचं झाड, म्हणजे त्यांच्याकडचं ते गोटीएवढं लिंबू. बायकोने लावलेलं. एचओए त्याला नोटीस देते की झाड तोडा. एचओए म्हणजे आपली सोसायटीची कमिटी, फक्त इथे ती जास्त गोड बोलून छळते. म्हातारा मीटिंगमध्ये जातो आणि सगळ्यांना धमकी देतो. संपली फिल्म.

तिने काकांना विचारलं. काकांचा पहिला प्रश्न, "आवाज कुणाचा?"

"तुमचाच, लोलो," कादंबरी म्हणाली. ती त्यांना लहानपणापासून लोलो म्हणते, म्हणजे आजोबा. "वी रेकॉर्ड लाइव्ह."

काका खाली बसले. पाणी मागितलं. कादंबरी गेल्यावर मला म्हणाले, "शैला, माझं एकच मागणं आहे. मरायच्या आधी, म्हणजे खऱ्या मरायच्या आधी, लोकांनी एकदा माझ्या आवाजात माझं ऐकावं. आणि हसू नये."

म्हटलं, काका, हे भाषण मी तुमच्याकडून करून घेते. बघतेच कोण हसतं ते!

आणि लागले मी त्यांच्यामागे. या माणसाने जन्मात एक वाक्य पाठ केलेलं नाही. सकाळी चहाला बोलवायचं, एक ओळ घ्यायची. ते भाषण अजून मला तोंडपाठ आहे: "या झाडाला हात लावाल तर याद राखा. मी तुमच्या प्रत्येक मीटिंगला येईन. पहिल्या रांगेत बसेन. मागच्या मीटिंगचा वृत्तांत मोठ्याने वाचा म्हणेन. पार्किंगबद्दल प्रश्न विचारेन. मी म्हातारा आहे, मला दुसरं काम नाही." आणि शेवटी झाडाबद्दल दोन ओळी. काय सांगू, अंगावर काटा यायचा माझ्या! कारण याच एचओएने मला ड्राइव्हवेवर पापड वाळत घातले म्हणून नोटीस पाठवली होती, फोटोसकट. घरचे उडदाचे पापड! "मला दुसरं काम नाही" इथे आम्ही दोघंही डोळे पुसायचो. देवदत्त एकदा शेजारून जाताना फिस्सकन हसला तर मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. तो म्हणतो, तेवढीच शांतता मिळाली.

शूटिंग आमच्याच गॅरेजमध्ये. खुर्च्या मांडून मीटिंग हॉल केला होता. समोर कमिटी म्हणून कादंबरीचे मित्रमैत्रिणी. मी फ्रीझरच्या मागे उभी, विंगेत उभी राहते तशी. काका उठले. "या झाडाला हात लावाल तर," म्हणाले आणि थांबले. अडकले! तोंडातून आपोआप निघालं, "याद राखा!"

साउंडवाल्या पोराने कानावरचा हेडफोन उपटून फेकला.

"कट! मॉम! ही वॉज पॉझिंग!"

"पॉझ असा असतो का? केवढा मोठा!"

दुसऱ्या वेळी मी पदर तोंडात कोंबून उभी होते. पण काका "मी म्हातारा आहे" म्हणून पुन्हा थांबले, आणि मी काय करू, इतक्या वर्षांची सवय, पदर काढून सांगितलं. कादंबरीने मला माझ्याच घरातून हाकललं. लेकीने! "गो टू कॉस्टको, मॉम. बाय समथिंग बिग." कॉस्टको म्हणजे इथलं घाऊक मालाचं अवाढव्य दुकान. मी कुणाचं ऐकत नाही, पण काकांनी हात जोडले म्हणून गेले. परत आले तर सगळं झालेलं. म्हणे एका दमात बोलले, एकदाही अडकले नाहीत. मी तीस रोल टिश्यूपेपर घेऊन दारात उभी.

खरा प्रकार कळला तो महिन्याभराने. कादंबरी किचन टेबलावर लॅपटॉप घेऊन एडिटिंग करत होती आणि खांदे हलत होते. मला वाटलं, रडतेय पोर. जवळ गेले तर हसत होती, अगदी पोट धरून.

"काय झालं गं?"

"लोलो इज सो फनी, मॉम. बेस्ट कॉमेडी आय हॅव एव्हर शॉट."

"कॉमेडी?"

"इट्स अ कॉमेडी. यू न्यू दॅट. तू वाचलंस ना स्क्रिप्ट?"

वाचलं होतं, घोकून घेतलं होतं, रडले होते! आणि त्या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट नको होती. मग मात्र माझा तोल गेला. म्हटलं, भवाने, म्हाताऱ्या माणसाला फसवलंस? त्यांना सांगितलंस का?

तिने लॅपटॉप मिटला. म्हणाली, "मुद्दाम नाही सांगितलं, आई. सांगितलं असतं तर ही वुड स्टार्ट ट्राइंग टु बी फनी. ही इज वंडरफुल बिकॉज ही मीन्स इट." आई म्हणते तेव्हा ती खरं बोलत असते, म्हणून जास्तच राग आला. आणि पुढचं ऐकून तोंडचं पाणी पळालं: पहिला शो फिलिपिनो कम्युनिटी हॉलमध्ये ठरला होता. तेओदोरो माग्बानुआंच्या सन्मानार्थ. तिकडची सगळी जुनी माणसं येणार होती, तीच, ज्यांना तो ढोलासारखा आवाज पाठ होता.

म्हटलं, आपण जाऊन सांगून टाकायचं. थालीपीठं लावली, डब्यात भरली, गेले. काका त्यांचा तो भरतकाम केलेला झिरझिरीत पांढरा शर्ट इस्त्री करत होते. मारिसेलने रजा काढली होती, चर्चमधल्या सगळ्या बायकांना आमंत्रण दिलं होतं.

"शैला, मफलर मी फेकून दिला," काका म्हणाले. "चर्चमध्ये सगळे विचारतात, घसा बरा झाला का. मी नुसतं हसतो. शनिवारी ऐकतीलच म्हटलं."

"काका, ती फिल्म..."

"हां?"

"ती फिल्म... छोटी आहे हं तशी. लवकर संपते."

"भाषण आहे ना?"

"आहे."

"मग पुरे."

मी घरी परत आले तेव्हा थालीपीठाचा डबा माझ्याच हातात होता. संजीवला भर नाटकात मेल्या म्हणणारी मी, आणि इथे एक वाक्य निघालं नाही. देवदत्तने डबा उघडला आणि खायला बसला. तेव्हाही मला त्याचा राग आला, पण भांडायला जोर नव्हता.

शनिवारी हॉल गच्च. काका पहिल्या रांगेत, त्यांच्या एका बाजूला मी. मारिसेल अगदी मागे, कारण तिला पाहुण्यांना बसवायचं होतं. मी मनातल्या मनात गणपतीला सांगत होते, प्रोजेक्टर बंद पाड. लाइट घालव. काहीतरी कर! गणपती बहुधा इथल्या कामात लक्ष घालत नाही. फिल्म सुरू झाली.

झाड दिसलं. नोटीस आली. पडद्यावर काका उठून उभे राहिले आणि त्यांनी कमिटीकडे ती नजर टाकली. मागून एक म्हातारी खरोखर "ओह नो" म्हणाली. आणि काकांनी तोंड उघडलं.

"या झाडाला हात लावाल तर..."

हॉल फुटला. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत. काकांनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. मी त्यांच्याकडे बघू शकेना. मी उभी राहिले, मागे वळले आणि चक्क मराठीत ओरडले, "हसताय काय? गप्प बसा सगळे! लाज नाही वाटत?" कुणाला ऐकूही गेलं नाही. कोपऱ्यात कादंबरी उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक, कारण ती पडद्याकडे बघत नव्हती, काकांकडे बघत होती.

काकांनी मला ओढून खाली बसवलं.

"याद राखा," पडद्यावरचे काका म्हणाले. पुन्हा हशा. "मी तुमच्या प्रत्येक मीटिंगला येईन." टाळ्या! "मागच्या मीटिंगचा वृत्तांत मोठ्याने वाचा म्हणेन." माझ्या मागची ती म्हातारी शेजारणीच्या खांद्यावर डोकं आपटत होती. आणि माझ्या मनगटावरची पकड हळूहळू सैल झाली. मी धीर करून वळून पाहिलं. काकांची मान एका बाजूला कललेली, डोळे बारीक. पडदा बघतच नव्हते. हॉल ऐकत होते.

"इथे जरा आणखी थांबायला हवं होतं," ते पुटपुटले. "घाई केली मी."

"काका?"

"श्श. आता बघ. पार्किंगवर हसतील."

पार्किंगवर हसले. नुसते हसले नाहीत, खुर्च्यांसकट हलले. मग पडद्यावरचे काका म्हणाले, "मी म्हातारा आहे," आणि थांबले. हॉलही थांबला, हसायच्या तयारीत, श्वास रोखून. मला तेव्हा कळलं मी गॅरेजमध्ये काय मोडत होते. "मला दुसरं काम नाही. जिने हे झाड लावलं तिला फळ बघायला मिळालं नाही. मी बघणार आहे." त्याच पातळ, चिरक्या आवाजात. कुणी हसलं नाही. कुणीतरी नाक ओढलं. नंतर कमिटीतला एकजण भीत भीत विचारतो, "पार्किंगबद्दल नक्की काय प्रश्न आहे?" आणि पुन्हा सगळे कोसळले. फिल्म संपली तेव्हा लोक डोळे पुसत होते, आणि कशासाठी पुसतायत ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दिवे लागले. काका बसूनच होते. गालांवरून पाणी वाहत होतं.

"काका, मी सांगणार होते हो. थालीपीठं घेऊन आले होते ना, ते त्याचसाठी."

"शैला," ते म्हणाले, "इतकी वर्षं मी चुकीच्या पिक्चरमध्ये मरत होतो गं."

तेवढ्यात त्यांना स्टेजवर बोलावलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. कादंबरी धावत आली आणि काकांसमोर थांबली. काकांनी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि पायऱ्या चढले. कुणीतरी हातात माइक दिला. सगळं आयुष्य हा माणूस माइक दिसला की गळ्याकडे बोट दाखवायचा. आता त्यांनी माइक धरला, हॉलकडे पाहिलं आणि ती नजर दिली. भुवईवरची खूण, दगडी जबडा, सगळं जुनं. हॉल आपोआप चूप. काका थांबले. मोठा पॉझ. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

मग ते सगळ्यांच्या डोक्यांवरून शेवटच्या रांगेकडे बघत त्या पाचवीतल्या आवाजात म्हणाले, "मारिसेल, आवाज येतोय का?"

हॉल पुन्हा कोसळला. आणि त्या हशाच्या वर, अगदी मागून, रडत रडत ओरडलेलं ऐकू आलं, "येतोय, ताताय! येतोय!"